एकाच घरचं सामान

थोरलीला कोणी कंजूष म्हटलं की ती चिडायची नाही, चूक दुरुस्त करायची. ‘कंजूष नाही, मापात,’ म्हणायची. आणि तिचं काही खोटं नव्हतं. सव्वीस वर्षं ती जुने कपडे बेतून देण्याचं काम करत होती. बापाचा कोट मुलाच्या अंगाला, लग्नाआधीचे ब्लाउज लग्नानंतरच्या अंगाला, असलं सगळं. एका खिडकीच्या खोलीत, पायानं मशीन हाणत. त्या कामातून तिनं एकच शिस्त उचलली होती: चांगल्या कापडाला कात्री लावायची नाही. शिवण उसवा, अस्तर बदला, खालची दुमड सोडा, पण कापड आहे तेवढं राहू द्या. एकदा कापलं की गेलं.

ही शिस्त तिनं घराला लावली नसती, तर पुढचं काही झालं नसतं.

घर आईचं. तीन खोल्या ओळीनं, बाहेरची, मधली आणि स्वयंपाकघर, आणि मागे न्हाणीघर. वडील गेल्यावर आई तिथं एकटी राहायची. मग तिची नजर जायला लागली. आधी कडेनं, मग मधून, आणि एका वर्षात फक्त उजेड आणि सावली एवढंच उरलं. धाकट्यानं, म्हणजे थोरलीच्या भावानं, तिला तिसऱ्या मजल्यावरच्या आपल्या फ्लॅटमध्ये नेलं. तो मालाची गाडी चालवायचा, सकाळी सहाला बाहेर. त्याची बायकोही नोकरीवर. आई दिवसभर एका खुर्चीत बसून असायची. उठली की कपाट लागायचं, वळली की टेबल. न्हाणीघरात जायचं तरी कोणाचा तरी हात धरावा लागायचा. जन्मात कोणाकडे पाण्याचा पेला न मागितलेली बाई, ती हाका मारायचीसुद्धा लाजत लाजत.

‘मला माझ्या घरी सोडा,’ ती एकच धोशा लावून होती. ‘तिथं मला डोळे लागत नाहीत.’

पण बंद घरात वाळवीनं मनसोक्त जेवण केलं होतं. दारं, चौकटी, खिडक्या, सगळं पोकळ. बोट लावलं की भुसा. धाकटा म्हणाला, ‘विकून टाकू. गिऱ्हाईक तयार आहे.’ थोरलीनं त्याच्याकडून दोन महिने मागून घेतले. दोन महिन्यांत आई आपल्या पायांनी त्या घरात फिरली, तर घर राहील. नाही फिरली, तर आई कायमची त्या खुर्चीत आणि घर परक्याचं. थोरलीला खुर्ची डोळ्यांसमोर आली की घास गिळवत नसे. तिनं साठवलेलं होतं नव्हतं ते बाहेर काढलं. ते बघून कोणीही हसलं असतं.

गावाबाहेर, ट्रकच्या वजनकाट्यामागे, पाडलेल्या घरांचं सामान विकणाऱ्याचं आवार होतं. उन्हात दारंच दारं उभी, कुठंही न जाणारी. थोरलीनं तिथं तीन रविवार घालवले. प्रत्येक दाराला टिचकी मारली, प्रत्येक बिजागरी हलवून पाहिली. दुकानदार तिला टाळायला लागला होता. चौथ्या रविवारी तोच हसत पुढे आला.

‘बाई, तुमच्यासाठी एक काढून ठेवलंय. पण सुटं देणार नाही. घ्यायचं तर अख्खं घर घ्या.’

पाच दारं, सहा खिडक्या, सगळं जुनं सागवान, चौकटीसकट. विजेचे बोर्ड, स्वयंपाकघरातली फळी, भिंतीतल्या खुंट्या. किंमत इतकी कमी की ती ऐकून थोरली घासाघीस करायची विसरली, हे तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडलं. घरी निघताना आठवलं, तेव्हा मागे फिरून खुंट्या तरी फुकटात पदरात पाडून घेतल्या.

सुतार वडिलांच्या ओळखीचा, म्हातारा, कानामागे पेन्सिल ठेवून बहुतेक झोपतही असेल. त्यानं माल उलटसुलट पाहिला. प्रत्येक चौकटीच्या मागच्या अंगाला लाल रंगानं आकडा टाकलेला होता आणि बाजूला बाण. पाडणारे तसं करतात, कुठलं कुठं होतं ते कळावं म्हणून.

‘लाकूड झकास आहे, ताई. पण चौकटी आपल्या भिंतींना मोठ्या होतील. दोन-दोन इंच कापाव्या लागतील.’

‘कापायच्या नाहीत,’ थोरली म्हणाली. ‘भिंत सोडवा.’

‘भिंत?’

‘शिवण सोडवतो तशी. वीट स्वस्त आहे, सागवान नाही.’

गवंडी आला, विटा निघाल्या. चार नंबरची चौकट मधल्या खोलीतून स्वयंपाकघरात जायच्या जागी बसेना, कारण तिला जोडलेला बोर्ड खांबावर येत होता. मग दारच दोन हात डावीकडे सरकवलं. ते सरकलं म्हणून फळी समोरच्या भिंतीवर गेली. खिडकी खाली आली, न्हाणीघराचा रस्ता मागून फिरला. सगळं कापण्यापेक्षा स्वस्तात पडत होतं आणि थोरली खूश होती. एक ते अकरा, आकड्यांप्रमाणे, बाणांप्रमाणे. एवढा विचार करून कोणी आकडे टाकलेत, तर ते काय शोभेला, असं तिचं म्हणणं.

शेवटच्या दोन चौकटी राहिल्या तेव्हा सुतारानं हत्यारं खाली ठेवली.

‘ताई, एक सांगू? आमच्यात रीत आहे. एकाच घरचं सगळं सामान आलं, तर त्यात एखादा नग बाहेरचा घालतात. निदान एक दार उलट्या अंगानं लावतात. सगळं होतं तसं लावत नाहीत.’

‘का?’

‘का ते मला कोणी सांगितलं नाही. पण माझ्या बापानं कधी लावलं नाही.’

याच्या घरी एखादं दार पडून आहे आणि ते आपल्या गळ्यात मारायचा विचार आहे, हे थोरलीनं लगेच ओळखलं. निदान तिला तसं वाटलं. तिनं त्याच्या बोलण्याला भीक घातली नाही. सुतारानं अकराच्या अकरा चौकटी बसवल्या. पॉलिशची मात्र गरज पडली नाही. प्रत्येक चौकटीला कमरेच्या थोडं वर, एकाच अंगाला, लाकूड घासून गुळगुळीत झालं होतं, तळहाताएवढा खळगा पडला होता. सुतारानं त्यात बोट फिरवलं आणि काढून घेतलं.

‘इतका हात कोणाचा फिरतो?’ तो स्वतःशीच म्हणाला.

रंगाचं काम थोरलीनं एकटीनं केलं. दुपारी भिंत रंगवता रंगवता तिचा हात मागे गेला आणि न बघता बटणावर पडला. बोर्ड नेहमीपेक्षा खाली होता, तरी हाताला तो बरोबर माहीत होता. मग लक्षात आलं की मधल्या खोलीतून जाताना आपण रोज डावीकडे जरा अंग चोरतो, तिथं काहीही नसताना. एकदा ती शिडीवर होती आणि स्वयंपाकघराची कडी पडल्याचा आवाज आला. ‘आले हं,’ ती म्हणाली. शिडीवरून दोन पायऱ्या उतरली आणि मग थांबली. कोणी बोलावलंच नव्हतं. तिनं बाहेर जाऊन उन्हात उभं राहून चहा प्यायला, आणि रंगाच्या वासानं डोकं फिरलं असेल असं ठरवून टाकलं.

आई आली ती सकाळी. धाकट्यानं तिला हाताला धरून गाडीतून उतरवलं. पायरीशी ती थांबली. तिनं हात पुढे केला आणि तो चौकटीवरच्या त्या खळग्यात जाऊन बसला. आईचा चेहरा सैल झाला. तिनं धाकट्याचा हात सोडला.

ती चालली. चाचपडत नाही, चक्क चालली. बाहेरची खोली ओलांडली, मधल्या खोलीत अंग जरासं चोरून घेतलं, दोन हात डावीकडे वळली, स्वयंपाकघरात गेली, फळीवर हात घातला आणि पेला काढला. पाणी प्यायली. पेला धुऊन जागेवर ठेवला.

धाकटा दारात उभा राहून रडायला लागला. एवढा दांडगा माणूस, बाहीनं नाक पुसत म्हणाला, ‘राहू दे घर. मी काही बोलणार नाही.’ थोरलीलाही रडू आलं, पण आनंदाच्या पोटात काहीतरी खुपलं. चाळीस वर्षं ते दार उजवीकडे होतं. दार सरकवल्याचं आईला कोणीच सांगितलं नव्हतं.

‘आई, तुला कसं कळलं डावीकडे वळायचं?’

‘आपल्या घरात काय कळायचंय?’ आई म्हणाली.

थोरली आपलं एकटीचं बिऱ्हाड घेऊन बाहेरच्या खोलीत राहायला आली. पहिले पंधरा दिवस म्हणजे सुखाचं माहेरपण. ती कामावरून यायची तेव्हा चहा तयार असायचा. आई अंगणात बसायची, कपडे वाळत घालायची, गालावर रंग आला होता. फ्लॅटमधली वाळकी बाई कुठं आणि ही कुठं.

मग आईनं एकदा मधल्या खोलीतल्या भिंतीवर हात फिरवला आणि विचारलं, ‘घड्याळ कोणी काढलं?’ तिथं घड्याळ कधीच नव्हतं. फक्त त्या घरातली एक खुंटी होती. ‘हे गेल्यापासून मीच किल्ली देते त्याला. वीस वर्षं झाली,’ आई म्हणाली. वडिलांना जाऊन सहा वर्षं झाली होती आणि त्यांच्याकडे सेलवर चालणारं घड्याळ होतं. पुढच्या आठवड्यात थोरली म्हणाली, धाकटा रविवारी येतो म्हणालाय. आई सौजन्यानं म्हणाली, ‘कोणाचा धाकटा?’

डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, वय झालं. पण आई प्रश्नांची उत्तरं चुकत नव्हती, ती ठामपणे वेगळी उत्तरं देत होती. मुलं किती? नाहीत. घरी कोण असतं? मी एकटीच. संध्याकाळी शेजारची पोरगी येते तेवढी.

त्या दिवसापासून आई थोरलीला ‘पोरी’ म्हणायला लागली. प्रेमानंच म्हणायची, पण ज्या प्रेमात चहा विचारतात आणि मोरीतली भांडी मात्र घासू देत नाहीत, तसल्या. पन्नाशीची थोरली आईसमोर पाहुण्यासारखी खुर्चीच्या कडेवर बसायला शिकली, आणि रात्री आई झोपल्यावर बाहेरच्या खोलीत हळूच अंथरूण टाकायला. तिला भीती वाटायला लागली होती आणि ती भीती तिच्या आईचीच होती, हे कबूल करणं फार जिवावर यायचं.

शेवटी ती वजनकाट्यामागच्या आवारात गेली. दुकानदाराला वाटलं, माल परत करायला आली.

‘ते घर कोणाचं होतं?’ तिनं विचारलं.

‘एका बाईंचं. मूलबाळ नाही, नवरा लवकर गेला. वीस-बावीस वर्षं दिसत नव्हतं त्यांना.’ तो सांगता सांगता रमला. ‘पण काय फिरायच्या घरात. घरातली एक वस्तू कधी कोणी हलवली नव्हती, म्हणून. हातानं सगळं ओळखायच्या. शेजारची एक मुलगी संध्याकाळी दूध आणून द्यायची, तासभर बसायची, बास.’

‘आणि गेल्या कशानं?’

‘वयानं. स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या म्हणे. हात चौकटीवर.’

थोरली तिथून सरळ सुताराकडे गेली. तो ओट्यावर बसला होता. तिनं काही सांगायच्या आधीच त्यानं पेन्सिल कानामागून काढली. ‘कुठली काढू?’

‘चार नंबरची.’

दुसऱ्या दिवशी आई दुपारची पडली होती तेव्हा त्यानं चौकट सोडवली, गवंड्यानं ते भोक बुजवून जुन्या जागी उघडलं, उजवीकडे. थोरलीनं स्वतः विटा उचलून दिल्या. आई उठली. मधल्या खोलीत आली, अंग चोरलं, डावीकडे वळली आणि ओल्या भिंतीवर आदळली.

‘थोरले,’ आई म्हणाली. आणि मग मोठ्यानं, घाबरून, ‘थोरले गं, कुठं आहेस?’

थोरलीनं धावत जाऊन तिला मिठीत घेतलं. आईनं तिचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला, गालावरचा तीळ शोधून काढला. ‘किती वाळलीस. जेवत नाहीस का?’ तेवढ्या एका वाक्यासाठी थोरलीनं ते अख्खं घर पाडलं असतं.

पण आई आता हलू शकत नव्हती. तिला काहीच ओळखीचं लागत नव्हतं. हात पुढे करून एक पाऊल टाकायची, थांबायची, परत मागे यायची. ‘हे आपलं घर नाही गं. मला कुठं आणलंस?’ म्हणायची. न्हाणीघर सापडलं नाही आणि तिसऱ्या दिवशी साडी खराब झाली. थोरलीनं तिला न बोलता धुतलं. आई भिंतीकडे तोंड करून उभी होती आणि तिचे खांदे हलत होते. संध्याकाळी धाकटा आला, त्यानं पाहिलं, खाली मान घालून म्हणाला, ‘मी नेतो तिला परत. ते गिऱ्हाईक अजून विचारतंय.’

आईनं ते ऐकलं. थोरलीचं मनगट तिनं इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली. ‘त्या खुर्चीत नको बसवू मला. काहीही कर. तू मला काहीही कर, पण तिथं नको.’

चौथ्या दिवशी सकाळी सुतार आणि गवंडी पुन्हा आले. सुतारानं चौकट भिंतीला टेकवून ठेवली आणि विचारलं, ‘ताई, नीट विचार केलात?’

‘लावा,’ थोरली म्हणाली. ‘होती तिथं, होती तशी. पण दुपारनंतर.’

सकाळभर ती आईजवळ पलंगावर बसून राहिली. त्या दिवशीही कामावर गेली नाही. आईला जुन्या गोष्टी विचारल्या. आपण लहानपणी कशी होतो, धाकटा झाला तेव्हा रुसून कुठं जाऊन बसलो होतो. आई सांगत होती, हसत होती. ‘मला हाक मार,’ थोरली म्हणाली. आईनं मारली. ‘परत मार.’ आईनं परत मारली. ‘सारखी काय हाक मारायला लावतेस? इथंच तर बसली आहेस,’ आई म्हणाली. पलीकडे गवंड्यानं विटा काढायला सुरुवात केली होती. थोरलीनं आईचा हात आपल्या हातात धरून ठेवला.

पहिल्या काही ठोक्यांना काही झालं नाही. मग चौकट जागेवर बसल्याचा एक जाड आवाज आला, आणि आईची बोटं सैल झाली. तिनं हात काढून घेतला, अगदी सभ्यपणे, चुकून परक्याला लागलेला हात काढतात तसा. उठली, पदर नीट केला आणि स्वयंपाकघरात गेली. भिंतीला कुठंही धक्का न लागता.

गवंडी गेला. सुतारानंही चहाला नाही म्हटलं, हत्यारं पिशवीत भरली आणि आईकडे न बघता निघून गेला. थोरली तिथंच बसून राहिली. उन्हं उतरली. आत स्टोव्ह पेटला, कपबशा वाजल्या. आई दोन कप चहा घेऊन आली, एक थेंब न सांडता, आणि एक कप थोरलीच्या हातात दिला.

‘आज लवकर आलीस पोरी.’

‘हो.’

‘तुझी आई कशी आहे?’

थोरलीनं कप खाली ठेवला. ‘बरी आहे.’

‘चालते-फिरते ना?’

‘आता चालते.’

‘आणि दिसतं तिला?’

‘नाही.’

आईच्या चेहऱ्यावर खरीखुरी कळकळ होती. तिनं पुढे होऊन थोरलीच्या गुडघ्यावर थोपटलं.

‘मग इथं काय बसलीस माझ्यापाशी? न दिसणाऱ्या माणसाला संध्याकाळ फार मोठी वाटते. मला ठाऊक आहे. ती वाट बघत असेल, जा बरं.’

थोरली उठली. दारापर्यंत गेली. तिला वळून खूप काही बोलायचं होतं, पण जे होतं ते सगळं आईलाच सांगायचं होतं.

‘उद्या येऊ?’ तिनं विचारलं.

‘ये की,’ आई म्हणाली. ‘तुझ्या आईला विचारून ये.’

थोरलीनं चपला घातल्या आणि पायरी उतरली. मागे आईनं आतून कडी लावून घेतली.